खांद्यावरची हाळी

पहिल्या मुलीनं डावीकडे मान वळवून मागे पाहिलं, तेव्हा मला वाटलं, तिला कोणी हाक मारली असेल. मग दुसरीनं पाहिलं. मग एका उंच पोरानं. एकामागून एक सगळी मुलं उताराच्या तोंडाशी येत होती आणि तिथं पोचली की एकाच रीतीनं वळून पाहत होती. आधी हनुवटी, मग डावा खांदा किंचित खाली, आणि नजर थेट मी उभा होतो तिकडे. क्षणभर थांबायची, मग बाहेरच्या पायावर भार टाकून खाली नाहीशी व्हायची. मागे नुसती बर्फाची धूळ.

त्यांतलं कोणीही मला ओळखत नव्हतं. आणि सगळी माझ्या मुलीसारखी मागे पाहत होती. माझी मुलगी मायाक्का ह्याच डोंगरावर गेली, त्याला चौथा हिवाळा चालू होता.

"बघितलंत?" शेजारी उभ्या असलेल्या बर्वे मॅडमनी विचारलं. त्यांनीच मला गावाहून बोलावून घेतलं होतं.

"बघितलं. कुनी शिकवलं ह्यास्नी?"

"कोणीच नाही, आप्पा. मायानंच."

डॉ. नंदिता बर्वे मूळच्या पुण्याच्या. शरीर हालतं कसं, ह्याचं शास्त्र हा त्यांचा विषय. मायाक्का असताना दोघींची चांगली मैत्री होती. गढवालमधल्या ह्या बुग्यालावर, म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरच्या उंच कुरणावर, स्कीचं केंद्र उभं राहिलं ते त्यांच्याच यंत्राच्या भरवशावर. आता आभाळातून बर्फ थोडंच पडतं, उरलेलं यंत्रं फवारतात. पण पोरं देशभरातून येतात. कारण इथं जे शिकायला इतरांना दहा हिवाळे लागायचे, ते दोन हिवाळ्यांत अंगात बसतं.

आम्ही माण तालुक्यातली मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात राहायचं, उन्हं कडक झाली की परत वर. मायाक्का ह्याच वाटेवर चालायला शिकली. पुढे पळण्याच्या जोरावर सीमेवरच्या दलात भरती झाली. दलानं तिला बर्फात पाठवलं आणि तिथं कोणीतरी तिच्या पायांत स्की बांधल्या. नवखा माणूस उतार पाहिला की भितो आणि अंग मागे, डोंगराकडे टाकतो. तिथंच तो पडतो. स्कीवर अंग पुढे, दरीकडे झोकावं लागतं. ते मायाक्काला शिकवावं लागलं नाही. मागून मेंढरांचा लोंढा रेटत असताना जो घाट उतरला आहे, त्याला अंग मागे टाकून चालतच नाही.

मॅडमच्या यंत्राला इथं सगळे जाळी म्हणतात. अंगाला चिकटून बसणारा, गंजीफ्रॉकसारखा पातळ पोशाख. त्यातले धागे अंगाची हालचाल टिपतात आणि गरज पडली की आवळूही शकतात. मॅडमनी मला ते असं सांगितलं. माणूस पाऊल टाकतो त्याआधीच मेंदूचा मागचा लहान भाग अंदाज बांधून मोकळा झालेला असतो, की पाय असा पडेल, जमीन एवढी दाबेल. घडलं वेगळं, तर तो फरक टिपतो आणि पुढच्या खेपेला अंदाज सुधारतो. शिकणं म्हणतात ते हेच. शिकवणारा उस्ताद खालून ओरडतो, "बाहेरच्या पायावर ये!" तोवर वळण होऊन गेलेलं असतं, आणि बोलणं नेमकं कुठल्या चुकीला चिकटवायचं ते मेंदूला कळत नाही. जाळी चुकीच्या आधी बोलते. वळण यायच्या निमिषभर आधी पोटरीवर हलका दाब, तळव्याला एक टिचकी. हजारो वळणं अशी झाली की जाळी काढली तरी अंग तसंच वळतं.

मला हे लगेच पटलं. अक्षरं मला मायाक्कानं शिकवली, माझे केस पांढरे झाल्यावर. सुट्टीवर आली की माझी मूठ तिच्या मुठीत धरून पाटीवर गिरवून घ्यायची. "आप्पा, अक्षराला भ्यायचं न्हाई. अंग पुढं टाकायचं अन् वळायचं." तिनं हात सोडला त्याला पुष्कळ दिवस झाले. माझा ळ अजून तिच्यासारखाच वळतो.

जाळीला वळवायचं तर कोणाचा तरी नमुना लागतो. तो मायाक्काचा. दोन हिवाळे तिच्या प्रत्येक उतरणीची नोंद घेतली गेली. तिचे गुडघे, तिचा श्वास, भार बदलण्याची तिची वेळ. पण कसब कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतं, हे यंत्राला कळत नाही. त्यानं ते मागे वळून पाहणंही उचललं.

"आम्ही ते कापून बघितलं," मॅडम म्हणाल्या. "मुलं पडायला लागली. तिचं वळण सुरूच तिथून होतं. डावा खांदा खाली जातो तेव्हाच भार बदलतो. धागा ओढला की सगळं उसवतं. म्हणून ठेवलं. सरावाच्या उतारावर त्यानं काही बिघडत नाही."

"मंग कुठं बिघडतं?"

त्यांनी हातातल्या काठीनं समोरची दुसरी धार दाखवली. तिथं लांब उतार मध्येच थोडा सपाट होतो आणि मग जमीन पायांखालून काढून घेतल्यासारखा कोसळतो. मायाक्कानं त्या जागेला खांदा म्हटलं. आता गढवाली पोरंही खांदाच म्हणतात. शर्यतीत तिथं भरधाव ट्रकच्या वेगानं पोचतात. त्या वेगात मान वळवणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती.

कारण त्या दिवशी मी वर, शर्यत सुटते तिथं उभा होतो. मायाक्कानं मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. पाया पडली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "आप्पा, मागं ऱ्हावा." ती सुटली. मान वळवायची तिची सवय उस्तादांनी शर्यतीपुरती कधीच मोडली होती. त्या दिवशी खांद्यावर तिनं मागे पाहिलं. पुढचं सगळ्यांनी पाहिलं.

"एक मुलगी आहे, केतकी," मॅडम म्हणाल्या. "मायानंतर इतकी चांगली कोणी आली नाही. निवडीची शर्यत होळीनंतर, ह्याच धारेवर. गेल्या महिन्यात तिनं खांद्यावर मागे बघितलं आणि आपटली. हाताचा खांदा निखळला, वाचली. तिची जाळी आम्ही काढून घेतली. तरी ती वळतेच. आता ते तिच्यात आहे."

त्यांनी मला आत नेलं, पडद्यावर काही रेघा दाखवल्या. माणसाच्या कानांमागे छोटे स्नायू असतात. कुत्र्याचे कान आवाजाकडे फिरतात ते त्यांच्याच जोरावर. आपले कान फिरत नाहीत, पण मागून यायच्या आवाजाकडे लक्ष लागलं की ते स्नायू अजूनही गुपचूप ताणतात. मायाक्काच्या हेल्मेटच्या अस्तरानं ते टिपलं होतं आणि इतके दिवस कोणी त्या रेघांकडे पाहिलंच नव्हतं.

"प्रत्येक वेळी, आप्पा. मान वळली की हे ताणतात, आणि ताणलेलेच राहतात. ती बघत नव्हती. ऐकत होती. कशाची वाट बघत होती ती? तुम्हाला काही सुचतं?"

मला रेघ दिसताक्षणी कळलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "ठावं न्हाई."

घाट उतरताना आमच्यातला एक जण पुढे, एडक्याच्या बरोबर चालतो, आणि एक अगदी मागे. पुढे मायाक्का, मागे मी. मागच्याकडे लंगडी, गाभणी आणि नुकती व्यालेली. उताराच्या तोंडाशी आलं की पुढच्यानं थांबायचं आणि मागे बघायचं. कारण पुढची मेंढरं एकदा खाली उतरली की मागच्यांना ती दिसत नाहीत, मग ती बिथरतात, कडेनं फुटतात. शेवटचं कोकरू चढून माथ्यावर आलं की मागचा हाळी देतो. माझी हाळी लांब, घशातली. "हुर्रर्र हो!" ती ऐकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मायाक्का माझ्या कमरेएवढी होती तेव्हापासून प्रत्येक घाटाच्या तोंडाशी अशी उभी राहिली होती. वळून, डावा खांदा खाली करून, कान देऊन.

आणि मी मॅडमना ठावं न्हाई म्हणालो. हे सांगितलं तर ते काय करतील, ह्याचा मला अंदाज आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सरावाच्या उतारावर जाऊन उभा राहिलो. पोरं आली. मागे पाहू लागली. मी तोंड मिटून त्यांची एकेकाची नजर घेत राहिलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. माणसाला त्याची चटक लागते.

तिसऱ्या दिवशी जेवणघरात मी चहा घेत बसलो होतो, तेव्हा गळ्यात हात अडकवलेली एक मुलगी समोर येऊन बसली.

"तुम्ही माया ताईचे आप्पा ना? मी केतकी सबनीस. ठाण्याची. म्हणजे बर्फाच्या बाबतीत अगदी राजघराणं."

"ठान्यात बर्फ कुठलं गं?"

"मॉलमध्ये! बर्फघर आहे ना. उतार संपला की समोर पिझ्झाचं दुकान. म्हणून तर मला वेग आला." तिनं माझ्या बशीतलं बिस्किट न विचारता उचललं. "आप्पा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"बिस्काट घेतलं तवा न्हाई रागावलो."

ती हसली.

"सुट्टीत घरी गेले होते. दूध आणायला जिना उतरायचा, तर पहिल्याच पायरीवर थांबले. मागे बघितलं. आई म्हणाली, कुलूप तपासतेस का गं? मी म्हटलं, हो. रोजच. सरकत्या जिन्यावर तर लोक शिव्या घालतात. मी कोणाला शोधतेय तेच मला माहीत नाही. आणि दर वेळी थोडं रडू येतं. मॅडम म्हणतात, जाळीत रडू भरता येत नाही, फक्त हालचाल भरता येते. मग ते येतं कुठून?"

उरलेलं बिस्किट मी तिच्याकडे सरकवलं. म्हणालो, "शर्यत सोड पोरी. हात-पाय शाबूत हाईत तवर सोड."

"शर्यत सोडेन हो. जिना कसा सोडू?"

तिचं ऐकताना माझा चहा निवून गेला. समोर बसलेली पोर जिवंत होती. बिस्किटाचा चुरा तिच्या ओठाला लागला होता.

"तिच्या मागे कोण होतं, आप्पा?" तिनं विचारलं.

"मी व्हतो," मी म्हणालो.

तिथून उठून मी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. घाट, एडका, हाळी. त्यांनी पडद्यावरच्या रेघा पुन्हा एकदा चालवून पाहिल्या.

"तुम्हाला एक सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "जाळ्या एकमेकींकडून शिकतात. केतकीला पुन्हा जाळी घालून सराव करावा लागेल. तिच्या अंगातून ते गेलं, की काही दिवसांत सगळ्यांच्या जाळ्यांतून जाईल. मग कोणीच मागे बघणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी समजेन. मी रोज सकाळी त्या उतारावर येऊन उभी राहते, आप्पा. मुलांना वाटतं, तपासणीला येते."

"पोरगी जिना उतरंना झालीया," मी म्हणालो. "चला."

मॅडमनी आधी माझी हाळी यंत्रात भरून घेतली. केतकीचा खांदा बरा झाल्यावर तिच्या हेल्मेटमधून ती ऐकवली. अगदी हळू वेगात, खांद्याच्या अलीकडे. उपयोग झाला नाही. तिनं मान वळवली, हाळी ऐकली आणि वाट बघतच राहिली. रेघा पाहून मॅडमनी कारण सांगितलं. हेल्मेटमधला आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो, त्याला दिशा नसते. तिचे कान मागे लागलेले. आवाज मागून, लांबून यायला हवा.

"म्हंजी मला मागं उभं ऱ्हायला पायजे."

"हो."

मग खांद्याच्या वर, धारेवर, माझ्यासाठी एक जागा नक्की झाली. मायाक्काच्या शर्यतीच्या दिवशी मी उभा होतो त्याहून खाली, पण बघायची दिशा तीच. केतकी वरून हळू यायची, मला ओलांडून खाली जायची, खांद्यावर पोचून वळायची. मी हाळी द्यायचो. पहिल्या दिवशी ती तिथंच बर्फावर बसली आणि हमसून रडली. मॅडम धावत गेल्या. ती म्हणाली, "काही नाही. बरं वाटतंय. दाराची कडी लावल्यासारखं वाटतंय."

पुढचे दिवस तेच. ती वळायची, मी हाळी द्यायचो, ती उतरायची. मग मॅडमच्या सांगण्यावरून मी हाळी थोडी आधी देऊ लागलो, तिची मान पूर्ण वळायच्या आत. मान अर्ध्यावर थांबू लागली. आणखी आधी दिली, तर हनुवटी तेवढी हालायची. वेग वाढत गेला. डाव्या खांद्याचं खाली जाणं मात्र तसंच राहिलं. वळण शाबूत, फक्त वाट बघणं झिजत चाललं. केतकी खालून ओरडायची, "आप्पा, आज किती मेंढरं आली?" मी म्हणायचो, "समदी आली, तू तेवढी ऱ्हायलीस!"

एका दुपारी मॅडम माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं.

"कुठलीही मदत एक दिवस काढून घ्यावीच लागते, आप्पा. नाहीतर तिला आता हाळीची सवय लागेल. शर्यतीत तुम्ही मागे नसणार."

"म्हंजी गप ऱ्हायाचं."

"पूर्ण वेगानं येईल. तुम्ही गप्प राहायचं."

हाळी द्यायला मी तयार झालो होतो. गप्प राहायचं, हे मी धरलं नव्हतं. त्याच डोंगरावर, तशाच पोरीच्या मागे, मी एकदा गप्प उभा राहिलो होतो.

केतकी सुटली. माझ्या बाजूनं गेली तेव्हा वाऱ्यानं माझं मुंडासं उडालं. ते उचलायला मी वाकलो नाही. हाळी घशाशी आली होती. मी दातांनी ओठ धरला. तिची पाठ लहान होत गेली. खांदा आला. मला तिची हनुवटी दिसली, म्हणजे दिसली असं वाटलं. डावा खांदा खाली गेला. आणि ती खाली नाहीशी झाली.

 मग मॅडमच्या हातातल्या वॉकी-टॉकीतून धापा टाकणारा आवाज आला.

"आले! खाली आले! मॅडम, मी बघितलं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही बघितलंस."

"आप्पा कुठायत? आप्पा, तुम्ही होतात ना मागे?"

"व्हतो गं," मी म्हणालो. ओठातून रक्त येत होतं.

होळीनंतरच्या शर्यतीत ती दुसरी आली. निवड झाली, तरी पहिली का नाही म्हणून दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. घरी जाऊन आल्यावर तिनं मुद्दाम येऊन सांगितलं, जिना उतरले, आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं की पाकीटच विसरले. "पूर्वी निदान मागे बघायचे तेव्हा आठवायचं!" दोघंही हसलो.

मी गावाकडे निघायच्या दिवशी सकाळी सरावाच्या उतारावर गेलो. मॅडमही होत्या. पोरं आली. पहिली मुलगी तोंडाशी पोचली, खांदा खाली, वळण, गेली. दुसरी गेली. उंच पोरगा गेला. सगळ्यांचे गुडघे मायाक्कासारखे, भार टाकणं मायाक्कासारखं. मागे कोणी पाहिलं नाही. शेवटचं पोर गेल्यावर मॅडमनी रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

मला खांदा एकदा पायांखाली घालायचा होता. पायवाट तिथूनच जाते. मी आयुष्यभर मागे चाललेला माणूस. मागच्याला वळून बघायची गरज पडत नाही, त्याच्या मागे कोणी नसतंच. मी काठी टेकत टेकत उतरू लागलो. खाली केंद्राची गाडी उभी होती आणि केतकी टपावर चढून हात हलवत होती. कडेला आलो तसे माझे पाय थांबले.

मी ते थांबवले नव्हते. आधी हनुवटी वळली, मग डावा खांदा किंचित खाली गेला. जाळी मी कधी अंगात घातली नव्हती.

मागे धार मोकळी होती. बर्फावर फक्त माझ्या पावलांचे ठसे. केतकी खालून हाका मारत होती, त्या मला ऐकू येत होत्या. पण मी मागे तोंड करून, कान देऊन, तसाच उभा राहिलो.